शरयूताईंचा बुधवार

शरयूताई फोनवर बोलायला लागल्या की पलीकडच्या माणसाला आपल्या घरात गॅस गळतोय असं वाटायचं. आवाज मोठा, शब्द तुटक, आणि पहिलंच वाक्य असं की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. "आज दुपारी तुमचं दार थोडा वेळ बंद राहील. घाबरू नका. कुलूप बदलतेय." एवढं सांगून झाल्यावर मग स्वतःचं नाव, ऑफिसचं नाव, तब्येतीची चौकशी. गिऱ्हाईक गुजराती असलं की हेच सगळं गुजरातीत, पण घाई झाली की क्रियापदं मराठी यायची. बडोद्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मोठ्या आवाजाचं कारण घरी होतं. दांडिया बाजारात त्या आणि त्यांचे वडील, अण्णा, असे दोघंच राहायचे आणि अण्णांना ऐकू येत नसे. घरी ओरडून बोलायची सवय ऑफिसात सुटत नव्हती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि विचारावं असा त्यांचा चेहराही नव्हता. उंच, सडसडीत बांधा, खळ घातलेली सुती साडी, आणि कॉम्प्युटरसमोर बसताना चपला बाहेर काढून ठेवायची पद्धत. त्यांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही सगळे बुटांसकट शिरायचो. त्या मात्र अनवाणी.

आमचं ऑफिस रावपुऱ्यात एका फरसाणाच्या दुकानावर होतं. इंटरनेट बडोद्यात रुळत होतं तो काळ. मोडेमच्या किंकाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या आणि मकरपुऱ्यातल्या कारखानदारापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला आपली वेबसाइट हवी होती. ती बनवणारे आम्ही; मी पानांची मांडणी करायचे. बनवून झाल्यावर ती सांभाळायचं काम शरयूताईंचं. सगळ्यांच्या वेबसाइट ज्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर राहायच्या, तो सर्व्हर अमेरिकेत कुठेतरी भाड्यानं घेतलेला होता. आम्ही कुणी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता. शरयूताई त्याच्याबद्दल शेजारच्या खोलीत आजारी पडलेल्या माणसासारखं बोलायच्या. "आज त्याला जरा धाप लागलीय." "रात्री नीट झोपलाय, आता छेडू नका."

त्याआधी त्या रंग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात होत्या. देशाची दारं उघडली, बाहेरचा माल स्वस्त येऊ लागला आणि तो कारखाना एका वर्षात बसला. चाळिशी उलटलेल्या, घरी म्हातारे वडील. आमचे मालक निलेशभाई यांनी त्यांना बोलावून घेतलं. निलेशभाई माणूस चांगला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे घडलं त्यावरून वाचणाऱ्याला ते वाईट वाटतील, आणि ते तसे नव्हते.

शरयूताईंचं काम काय, हे मला त्यांनीच पहिल्या आठवड्यात समजावलं. "हे बघ मीनल, वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते, ते माणसांनीच लिहिलेलं असतं. त्यात भोकं राहतात. मग कुणाला तरी एखादं भोक सापडतं. लिहिणारे लोक ते बुजवून नवी आवृत्ती काढतात आणि जगाला सांगतात, की अमक्या ठिकाणी भोक होतं, आम्ही बुजवलंय, तुम्हीही बुजवा."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे. पण हे ज्याला घरात शिरायचंय तोही वाचतो. त्याला आयतं कळतं कुठून शिरायचं. दुरुस्ती जाहीर झाली त्या दिवसापासून ती तुझ्याकडे बसेपर्यंत जे दिवस जातात ना, तेवढेच धोक्याचे. आधी फारसं कुणाला माहीत नसतं आणि नंतर भोक नसतं."

त्या मधल्या दिवसांशी त्यांचं वैर होतं. ते दिवस त्यांना सहन व्हायचे नाहीत. साधारण दुरुस्त्यांसाठी त्यांनी बुधवार ठरवून टाकला होता, कारण बुधवारी वर्दळ कमी. बुधवारी त्या लवकर यायच्या, एका जुनाट कॉम्प्युटरवर सगळं आधी करून बघायच्या, मग यादीबरहुकूम फोन, मग काम. काम संपेपर्यंत काही खायच्या नाहीत. आम्ही खालून सेव उसळ मागवायचो, तिचा तिखट वास खोलीभर पसरायचा, आणि त्या दाराकडे पाठ करून बसलेल्या असायच्या. सगळं नीट चालू झालं की उठून यायच्या आणि गार झालेली उसळ तशीच, मिटक्या मारत खायच्या. वर आणखी तर्री मागायच्या.

एका दातांच्या डॉक्टरांशी त्यांचा झालेला संवाद ऑफिसात बरीच वर्षं सांगितला जाई. डॉक्टर वैतागले होते. "बेन, गेल्याच महिन्यात तर तुम्ही हे केलं होतं. पुन्हा काय?"

"डॉक्टर, काल दात घासले होते ना?"

"हो."

"मग आज?"

पलीकडे डॉक्टर हसले असावेत, कारण शरयूताईही हसल्या आणि म्हणाल्या, "दहा मिनिटांत तोंड धुऊन देते तुमचं."

पण त्यांचं खरं हत्यार दुसरं होतं. कुणी म्हणालं, आत्ता नको, नंतर बघू, की त्या शांतपणे विचारायच्या, "नंतर म्हणजे कधी?" आणि गप्प बसायच्या. फोन कानाला धरून, काही न बोलता. ती शांतता भल्याभल्यांना झेपत नसे. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्या शांततेत आधी "पुढच्या आठवड्यात" म्हटलं, मग "शुक्रवारी" आणि शेवटी, "बरं, आत्ता करून टाका."

अण्णांचा मुलीच्या नोकरीबद्दल एक गोड गैरसमज होता. रोज संध्याकाळी त्या घरी गेल्या की अण्णा विचारायचे, आज कुणाकुणाचं कुलूप बदललंस? त्या ओरडून नावं सांगायच्या. अण्णांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं की शरयू कुलपांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. एकदा समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंच्या कपाटाच्या कुलपात किल्ली तुटून अडकली आणि अण्णांनी छाती पुढं काढून सांगितलं, "आमची शरयू येऊ दे, ती उघडेल." शरयूताईंनी काही खुलासा केला नाही. पर्स टेकवून तशाच बाजारात गेल्या, किल्लीवाल्याला घेऊन आल्या, आणि तो काम करत असताना त्याच्या मागं पदर खोचून उभ्या राहिल्या. अण्णा दारातून बघत होते. "त्यांना वाटलं, मी त्याच्यावर देखरेख करतेय," त्या मला म्हणाल्या. असं सगळं सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. आवाज मात्र तेवढाच मोठा राहिला.

त्याच वर्षी नवरात्राच्या तोंडावर त्यांच्या हातून एक घोटाळा झाला. निलेशभाईंच्या मेहुण्यांचं चणियाचोळीचं दुकान होतं आणि लंडन-अमेरिकेतल्या गुजराती मुली त्यांच्या वेबसाइटवर फोटो बघून गरब्याचे कपडे मागवायच्या. सर्व्हरवरच्या सगळ्या वेबसाइट मुळात एकाच सॉफ्टवेअरवर चालत असत. शरयूताईंनी ते बदललं आणि मेहुण्यांच्या दुकानाचं नव्या आवृत्तीशी पटेना. फोटो गायब झाले. ऐन हंगामाचा अख्खा दिवस दुकान रिकामं. मेहुणे ऑफिसात येऊन नाही नाही ते बोलले, आणि सगळ्यांसमोर बोलले. शरयूताई मान खाली घालून ऐकत होत्या. चूक त्यांची होती हे त्यांना कबूल होतं. ते दुकान त्यांनी आधी तपासून बघितलं नव्हतं.

त्यानंतर निलेशभाईंनी नियम केला. नवरात्र सुरू झाल्यापासून दिवाळी होईपर्यंत सर्व्हरला त्यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. शरयूताईंनी तो मान्य केला.

आता वसुधाकाकूंविषयी सांगायला हवं. दांडिया बाजारातच त्यांची एक छोटी संस्था होती, विधवा आणि घटस्फोटित बायकांची पुन्हा लग्नं जुळवणारी. एक खोली, एक सतरंजी आणि वसुधाकाकूंचा पाठीवरून फिरणारा हात, एवढंच तिचं भांडवल. शरयूताई त्यांच्याकडे रविवारी जायच्या. बाहेरगावच्या मुलींना बडोद्याला येणं जमत नाही, घरच्यांना कळलं तर वादळ होतं, म्हणून काकूंची वेबसाइट करायची कल्पना शरयूताईंची. काकू घाबरत होत्या. "अगं, या मुली मला जे सांगतात ते आईलासुद्धा सांगत नाहीत. ते असं मशीनमध्ये कसं घालायचं?"

"ते मी सांभाळीन, काकू," शरयूताई म्हणाल्या. मी तिथं होते. पानांचे रंग ठरवायला गेले होते. "तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाही. माझा शब्द."

वेबसाइट सुरू झाली. बडोदे, डभोई, भरूच, पार नवसारीपर्यंतच्या मराठी मुली त्यात माहिती भरू लागल्या. नुसतं पहिलं नाव, वय, शिक्षण सगळ्यांना दिसे. पत्ता, फोन आणि पहिलं लग्न का मोडलं हे फक्त काकूंना. डभोईची वंदना म्हणून एक प्राथमिक शिक्षिका होती, भावाकडे राहणारी. ती एकदा शाळेच्या कामाचं निमित्त करून आली होती. तिला टाइप करता येत नव्हतं. शरयूताईंनी तिला शेजारी बसवलं, ती हळू आवाजात सांगत गेली आणि शरयूताई टाइप करत गेल्या. सासरी काय काय सोसलं ते तिनं सगळं सांगितलं. मधे एकदा शरयूताई थांबल्या आणि म्हणाल्या, "हे नाही लिहिलं तरी चालेल." वंदना म्हणाली, "लिहा ताई. एकदा कुठंतरी लिहिलेलं असू दे."

पुढच्या वर्षी नवरात्राच्या दिवसांत त्या मूळच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठं भगदाड सापडल्याचं जाहीर झालं. बुधवार होता. शरयूताईंनी वाचलं, जुन्या कॉम्प्युटरवर दुरुस्ती करून बघितली, मेहुण्यांचं दुकानसुद्धा तपासलं, आणि निलेशभाईंच्या टेबलापाशी गेल्या.

"निलेशभाई, हे थांबवण्यासारखं नाही."

"बेन, दिवाळी पछी. दिवाळी झाल्यावर."

"मी सगळं तपासलंय. दुकान चालतंय. मी स्वतः बघितलं."

"गेल्या वर्षीपण तुम्हाला वाटलं होतं ने चालेल." ते रागावले नव्हते. उलट अजिजीनं बोलत होते. "मारी बेननुं घर छे. तिच्या सासरी मला तोंड दाखवायचंय. दिवाळी होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल ते."

पुढच्या बुधवारी त्या पुन्हा गेल्या. पुन्हा तेच उत्तर. मी माझ्या जागेवरून बघत होते. "नंतर म्हणजे कधी" हे त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण कधी ते ठरलेलं होतं. त्या खोलीत गेल्या, अनवाणी, आणि कॉम्प्युटरसमोर हात मांडीत ठेवून बसून राहिल्या. सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्याकडेच होता. कुणी अडवलं नसतं. पण गेल्या वर्षी त्यांची चूक झाली होती, मालकांनी नियम केला होता आणि त्यांनी तो मान्य केला होता. त्या दिवशी सेव उसळ मागवली नाही कुणी.

दिवाळी दोन-चार दिवसांवर आली असताना वसुधाकाकूंचा फोन आला. शरयूताईंनी उचलला. नेहमीप्रमाणे त्याच बोलतील म्हणून आम्ही आपापल्या कामात होतो, पण त्या नुसत्या ऐकत होत्या. बायकांना फोन येत होते. कुणी अनोळखी पुरुष, घाणेरडं बोलणारे. आणि त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या नवऱ्याचं नाव, घटस्फोटाचं कारण, जे फक्त काकूंसाठी लिहिलं होतं ते सगळं.

शरयूताईंनी फोन ठेवला आणि सर्व्हर उघडला. कुणीतरी त्याच भगदाडातून आत शिरून संस्थेची सगळी माहिती उचलून नेली होती, आणि नेऊनही बरेच दिवस झाले होते. पुढं ती इंटरनेटवरच्या कुठल्याशा चव्हाट्यावर टाकून दिलेली होती, कुणीही वाचावी अशी.

त्यांनी संस्थेची वेबसाइट बंद केली. मग कुणाला न विचारता, कुणाला फोन न करता, सर्व्हरवरची ती दुरुस्ती करून टाकली. निलेशभाई दारात येऊन उभे राहिले. तासाभरात सगळं झालं. चणियाचोळीचं दुकान जसंच्या तसं चालू होतं. एक फोटोसुद्धा हलला नाही.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच काम होतं."

निलेशभाईंचा चेहरा उतरला होता. "बेन, जे झालं ते झालं. कोईने कहेवानी जरूर नथी. सांगायचं कशाला? कुणाला कळणार आहे, आपल्याकडूनच गेलं म्हणून? बाकीची गिऱ्हाइकं पळतील. एवढ्या पोरांच्या नोकऱ्या आहेत."

"त्या बायकांना कळायला नको? फोन कुठून येतायत ते?"

"काकू सांगतील ने."

"शब्द काकूंनी नव्हता दिला," शरयूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर निघाल्या. फोनवर सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्या बायका फोनलाच भ्यायला लागल्या होत्या. रिक्षानं कुठंकुठं फिरणार, म्हणून मी स्कूटर काढली. सणाचे दिवस. घराघरांत करंज्या तळल्या जात होत्या, पोरं अंगणात रांगोळीचे ठिपके मोजत होती, आणि आम्ही अशी बातमी घेऊन दारात उभ्या. मांजलपूरला एका बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझा नंबर मी बदलते. तुम्ही चकली घ्या." दुसरीनं दार उघडलं, ऐकलं आणि दार लावून घेतलं. तिसरीच्या घरात सासरेबुवा बसलेले, मेलेल्या मुलाचे वडील. शरयूताईंनी त्यांच्यासमोर नातवाच्या शिकवणीची चौकशी केली आणि चपला घालताना त्या मुलीच्या कानात दोन वाक्यांत खरं सांगितलं. ती मुलगी हसत हसत निरोप द्यायला फाटकापर्यंत आली. हसणं तसंच ठेवून तिनं फाटकाचा गज धरला होता, तो सोडेना.

प्रत्येक ठिकाणी शरयूताई एकच सांगायच्या. चूक आमच्याकडून झाली, दुरुस्ती काही आठवड्यांपूर्वीच आलेली होती, आम्ही केली नाही. मी एकदा स्कूटरवर म्हटलं, "ताई, तुम्ही तर करायला सांगत होता. निलेशभाईंनी..."

"किल्ली कुणाकडे होती?" त्या मागून म्हणाल्या. आणि बराच रस्ता गेल्यावर, "निदान काकूंची एकटीची वेबसाइट तेवढे दिवस बंद ठेवता आली असती. त्याला निलेशभाई नाही म्हणाले नसते. मला सुचलंच नाही, मीनल. मी सगळ्यांचं कुलूप बदलायचं म्हणून हटून बसले."

डभोईला आम्ही बसनं गेलो. वंदनाचं घर वेशीच्या आत, बाजाराला लागून होतं. दार तिच्या भावानं उघडलं. शरयूताईंनी नाव सांगितल्याबरोबर तो म्हणाला, "म्हणजे तुम्हीच का त्या."

त्यानं आम्हाला आत घेतलं, बसा म्हटलं. सभ्य माणूस होता. तेच भयंकर होतं. फोन त्यानंच उचलला होता. त्या माणसानं वंदनानं लिहिलेलं एकेक वाक्य त्याला वाचून दाखवलं होतं. "माझ्या बहिणीच्या बाबतीत जे मला ठाऊक नव्हतं, ते एका हलकटाच्या तोंडून ऐकलं मी. माझ्या दुकानात, चार माणसांत. आणि तिनं लग्नासाठी नाव घातलंय हेही मला तसंच कळलं." वंदनाचं शाळेत जाणं त्यानं बंद केलं होतं. खानदेशात मामांकडे पाठवायचं ठरलं होतं.

शरयूताई हात जोडून म्हणाल्या, "दोष माझा आहे. तिनं काही चूक केली नाही. तिला शाळा सोडायला लावू नका."

"गावात राहायचं आम्हाला आहे, बाई."

वंदना पाणी घेऊन आली. तांब्याभांडं खाली ठेवून उभी राहिली. शरयूताईंनी तिच्याकडे बघून सगळं सांगितलं, जसं इतरांना सांगितलं होतं तसंच, एक शब्द न गाळता. वंदना ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मी कुठं मशीनला सांगितलं होतं? मी तुम्हाला सांगितलं होतं."

रागानं नाही म्हणाली. एखादा हिशेब नीट समजून घ्यावा तशी म्हणाली. आणि भांडी उचलून आत गेली.

परतीच्या बसमध्ये शरयूताई खिडकीबाहेर बघत होत्या. कापसाची शेतं मागं जात होती. 

लोकांना वाटलं त्या नोकरी सोडतील. त्यांनी सोडली नाही. निलेशभाई दिवाळीनंतर त्यांच्या घरी जाऊन आले. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर सर्व्हरच्या बाबतीत त्यांनी शरयूताईंना एकदाही अडवलं नाही. मेहुण्यांनी वेबसाइट दुसरीकडे नेली तरी नाही. दुरुस्त्या आल्या दिवशी बसू लागल्या, नवरात्र असो की दिवाळी. म्हणजे शरयूताईंना हवं होतं ते सगळं झालं. फक्त त्यांनी फोन करणं सोडलं. कुलूप बदलतेय, घाबरू नका, असं कुणाला सांगणं नाही, दातांच्या डॉक्टरांची थट्टा नाही. गिऱ्हाइकांना रात्रीतून काय बदललं ते कळायचंही नाही. डॉक्टरांनीच एकदा आपण होऊन फोन केला, "बेन आजारी आहेत का?" म्हणून. बुधवारी ऑफिसात इतकी शांतता असायची की खालच्या दुकानातला झारा कढईवर आपटलेला ऐकू यायचा.

संस्थेची वेबसाइट पुन्हा सुरू झाली नाही. काकू परत सतरंजीवर आल्या. डभोईला शरयूताई त्यानंतर कितीतरी वेळा जाऊन आल्या. आधी भाऊ दारातूनच सांगायचा, ती इथं नाही. पुढंपुढं तो बसवून चहा देऊ लागला, पण पत्ता दिला नाही. वंदनाच्या शाळेत त्या जागेवर नवीन बाई आल्या.

मी लग्न होऊन पुण्याला गेले. काही वर्षांनी निलेशभाईंनीही धंदा आवरला. मोठ्या कंपन्या आल्या होत्या, त्यांच्यापुढं फरसाणाच्या दुकानावरचं ऑफिस टिकणं शक्य नव्हतं. मी बडोद्याला आले की शरयूताईंना भेटायचे. दर भेटीत त्या थोड्या कमी झालेल्या दिसायच्या. श्वासाचा त्रास सुरू झाला होता. जिने चढवत नव्हते. शेवटी इंदूरच्या धाकट्या बहिणीनं त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. त्या इंदूरला निघाल्या तेव्हा मी योगायोगानं बडोद्यात होते, म्हणून सामान आवरायला गेले.

वसुधाकाकू आल्या होत्या. खूप थकल्या होत्या. सामानाच्या पसाऱ्यात खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं की वंदनाचा ठावठिकाणा लागला. जळगावकडे असते. मामांनी लग्न लावून दिलं होतं, एका बिजवराशी. एक मुलगी आहे. काकूंनी ओळखीच्या माणसाकडून निरोप धाडला होता, शरयूताईंना तुला एकदा भेटायचंय, निदान फोनवर बोल.

शरयूताई साडीची घडी हातात धरून उभ्या होत्या. "काय म्हणाली?"

"बरी आहे म्हणाली." काकू अडखळल्या. "भेटायचं नाही म्हणाली. बोलायचंही नाही. राग नाही म्हणे. नको म्हणाली, एवढंच."

शरयूताईंनी घडी नीट केली, बॅगेत ठेवली, वरून हात फिरवला. "बरोबर आहे तिचं," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "नळ बंद केलास का गं मागचा?"

इंदूरला त्या हिवाळाभर होत्या. फेब्रुवारीत त्यांच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाली. मला जाता आलं नाही. त्यामुळं माझ्याकडे शेवटच्या शरयूताई आहेत त्या बडोदे स्टेशनावरच्या.

बहीण न्यायला आली होती, एसीचं तिकीट काढलं होतं. शरयूताईंना खिडकीशी बसवून मी खाली उतरले आणि काचेसमोर उभी राहिले. गाडी सुटायची वेळ झाली तशा त्या एकदम पुढं झुकल्या आणि बोलू लागल्या. काच जाड, बंद. मला काहीच ऐकू येईना. मी हातानं खूण केली, ऐकू येत नाही म्हणून, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या बोलतच राहिल्या, धाप लागत होती तरी, एकेक शब्द मोजून, तळहात काचेला टेकवून. एखादी गोष्ट पक्की करून घ्यावी तसा त्यांचा चेहरा होता. मधे त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. काहीतरी विचारलं होतं त्यांनी. उत्तराची वाट बघत होत्या.

गाडी हलली. मी मोठ्यानं "हो" म्हटलं आणि मान डोलावली, दोनदा, त्यांना दिसेल अशी.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्या मागं टेकून बसल्या आणि डोळे मिटले. डबे एकामागून एक पुढं गेले. मी कशाला हो म्हणाले ते मला अजून ठाऊक नाही.